मेलबर्नमधील कामगारांची जोडघरे

मधे एक सामाईक भिंत आणि तिच्या दोन बाजूंना एकमेकांची उलटी प्रत असावी अशी दोन छोटी बिऱ्हाडे, अशा बैठ्या घराला येथे जोडघर म्हटले आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराला खेटून असलेल्या फिट्झरॉय, कॉलिंगवुड, रिचमंड आणि कार्लटन या भागांत राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत अशी घरे गल्लोगल्ली उभी राहिली. कातडी कमावणारे, जोडे शिवणारे, पाथरवट, गाडीवान अशा हातावर पोट असलेल्यांची ही वस्ती. बहुतेक घरांना ना नामवंत वास्तुविशारद लाभला, ना एखाद्या थोर माणसाचा रहिवास. तरीही त्यांतली कितीतरी आज कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत आणि ते रास्तच आहे.

१८५१ साली व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले आणि मेलबर्नकडे माणसांचा लोंढा सुरू झाला. १८५६ च्या एप्रिलमध्ये पाथरवटांनी काम थांबवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. संध्याकाळी उजेडी घरी परतणाऱ्या माणसाला स्वतःच्या दाराची ओढ लागते. घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या संस्थांमुळे ती पुरी होण्याची आशाही निर्माण झाली. छोटा ठेकेदार किंवा दोन पैसे गाठीला असलेला कारागीर अरुंद भूखंडावर जोडघर बांधी, कित्येकदा एका बाजूला स्वतः राही आणि दुसरी बाजू भाड्याने देई. १८८० च्या दशकात जमिनीच्या व्यवहारांना उधाण आले. १८८१ साली सुमारे २,८०,००० असलेली शहराची लोकसंख्या १८९१ पर्यंत सुमारे ४,९०,००० झाली. पुढे १८९३ साली बँका कोसळल्या आणि बांधकाम जवळजवळ थांबले.

या घराचे मोल कळायला ते नीट पाहावे लागते. रस्त्यावरून प्रथम नजरेत भरते ती छपराच्या वर डोके काढलेली भिंत. ती शोभेसाठी नाही. आगीच्या भयाने केलेल्या १८४९ च्या इमारत कायद्याने शहराच्या हद्दीत पक्क्या बांधणीची सक्ती केली आणि दोन घरांमधली भिंत छपराच्या वर नेली म्हणजे एका घराची आग दुसऱ्यावर उडी मारत नसे. फिट्झरॉय तेव्हा शहराच्या हद्दीत होते, शेजारचे कॉलिंगवुड नव्हते. म्हणून चढावरच्या फिट्झरॉयमध्ये वीट आणि दगड, तर उताराखालच्या सखल कॉलिंगवुडमध्ये लाकडी फळ्यांची घरे जास्त. चढावरचे सांडपाणीही त्या सखल भागातच वाहून येई. कायद्याची हद्द आणि जमिनीचा उतार या दोन्ही गोष्टी घराच्या भिंतीत वाचता येतात.

सामाईक भिंतीला पाठ लावून दोन्हीकडच्या चुली, म्हणून धुराडे एकच, दोघांचे. छपरावर पन्हळी पत्रा. पुढे हातभर रुंदीचा व्हरांडा, त्याला ओतीव लोखंडाची नक्षीदार झालर. आत एकामागे एक दोन खोल्या आणि मागे उतरत्या छपराखाली स्वयंपाकघर. फळ्यांच्या घरातसुद्धा दर्शनी बाजूच्या फळ्यांवर खाचा पाडून त्या घडीव दगडासारख्या दिसतील अशी खटपट केलेली असते. विटांच्या घरात तपकिरी भिंतीला दारा-खिडक्यांभोवती पिवळसर विटांची किनार. पाहुण्याला दिसणारी बाजू नेटकी ठेवायची, काटकसर आत सोसायची. आपल्याकडच्या बैठ्या चाळींतही हेच पाहायला मिळते.

मागची बाजू अधिक बोलकी. तिथे मेलबर्नच्या काळसर निळ्या दगडाने फरसबंद केलेली चिंचोळी गल्ली असते. हा दगड म्हणजे बसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा. गल्लीचे काम मुंबईच्या हाऊसगल्लीसारखे होते. परसातल्या संडासातला डबा रात्री येणारा माणूस कुंपणातल्या जमिनीलगतच्या छोट्या झडपेतून ओढून नेई. मेलबर्नची दुर्गंधी तेव्हा थट्टेचा विषय होती. भुयारी गटारांना पहिली जोडणी मिळाली ती १८९७ साली.

अशा घरांच्या बाबतीत इतिहासकाराला एक मोठी सोय आहे. नगरपालिकेच्या कर-वह्यांत दर वर्षी मालक, भाडेकरू, घर विटांचे की लाकडी आणि खोल्या किती, याच्या नोंदी झाल्या. गटार योजनेसाठी १८९० च्या दशकापासून काढलेल्या नकाशांत चाळीस फुटांना एक इंच या प्रमाणात व्हरांडे, परसातली फरशी आणि संडाससुद्धा दाखवले आहेत. ज्यांच्या नावाने कुठे पाटी लागली नाही, त्यांच्या घराचा इंच न् इंच कागदावर आहे.

ही घरे टिकणे मात्र सोपे गेले नाही. १९३८ साली स्थापन झालेल्या हाउसिंग कमिशन या सरकारी गृहनिर्माण संस्थेने जुन्या वस्त्यांना बकाल ठरवून पाडकाम हाती घेतले. १९६० ची पाहणी तर मोटारीत बसून रस्त्यावरून केलेली होती. आत कोण राहते, छप्पर गळते का, हे न विचारता सलग वस्त्या पाडण्याजोग्या ठरल्या आणि त्यांच्या जागी काँक्रीटचे उंच मनोरे आले. काही घरे खरोखर ओलसर आणि दाटीवाटीची होती, हे नाकारता येत नाही. पण काचेतून पाहून माणसांची वस्ती उठवणे हा अन्यायच होता. १९६९ साली स्थापन झालेल्या कार्लटन असोसिएशनसारख्या रहिवासी संघटनांनी लढा दिला. १९७४ साली व्हिक्टोरियात ऐतिहासिक इमारतींच्या संरक्षणाचा कायदा झाला.

आज संरक्षण मुख्यतः नगररचनेतील ‘हेरिटेज ओव्हरले’मधून, म्हणजे वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तू आणि भागांना लागू होणाऱ्या नियमांतून मिळते. कोणत्याही वास्तूच्या नोंदीत तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: महत्त्वाचे काय, कोणत्या प्रकारे आणि का. साध्या जोडघराला अनेकदा ‘पूरक’ असा दर्जा मिळतो. म्हणजे एकटे ते मोठे नाही, पण त्याच्यामुळे गल्लीचे रूप टिकते. तत्त्व म्हणून हे ठीक आहे. व्यवहारात मात्र नियंत्रण बहुधा बाह्य भागापुरते असते. मग दर्शनी भिंत राखून मागचे सारे पाडले जाते, आणि कामगाराचे घर समजून घ्यायला जे लागते ते स्वयंपाकघर, तो संडास, ती झडप, हेच नाहीसे होते. जोडीतले एक घर राहून दुसरे बदलले की सामाईक धुराड्याचाही अर्थ हरवतो. म्हणून दोन्ही घरांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

आणखी एक पेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि ग्रीसमधून आलेल्या कुटुंबांनी ही घरे घेतली. त्यांनी जुना व्हरांडा काढून काँक्रीटचा ओटा केला, खिडक्या रुंद केल्या, मागे द्राक्षाचा वेल चढवला. घराचे मूळ व्हिक्टोरियाकालीन रूप परत आणताना हा थर खरवडला जातो. पण तेही कामगारच होते आणि त्याच सामाईक भिंतीआड त्यांनी संसार केले. काही जोडघरांत एका बाजूला लोखंडी झालर आणि दुसऱ्या बाजूला काँक्रीटचा ओटा अजून शेजारी शेजारी दिसतो.