१५ कप, एक कप आणि उजव्या कानामागचा मेंदू

परिस्थिती बघून बरंवाईट ठरवणारा माणूस तत्त्वाचा कच्चा, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ठरलेल्या नियमावर बोट ठेवणं सोपं असतं. परिस्थिती, त्यातही समोरच्याचा हेतू, तोलायला मेंदूला जास्त काम पडतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नीतिविचारावर पुस्तक लिहिलं. त्यात ते मुलांना दोन गोष्टी सांगतात. एका मुलाने जेवायला जाताना दार ढकललं. दारामागे ट्रे होता, त्यातले १५ कप फुटले. दुसरा आई घरात नसताना चोरून जॅम काढायला चढला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं पुष्कळदा पहिल्याकडे बोट दाखवत: १५ कप फुटले ना! मोठी मुलं हेतू विचारात घेत.

हा हेतू मेंदू ओळखतो कसा? उजव्या कानाच्या वर, किंचित मागे, मेंदूचे दोन खंड जिथे भेटतात तो भाग दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ताडताना जोरात काम करतो. २०१० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी काही माणसांच्या मेंदूतला नेमका हाच भाग थोडा वेळ विस्कळीत केला. सुरी नाही, औषध नाही. डोक्यावर तारेचं वेटोळं धरायचं आणि त्यातून विजेचे झटपट स्पंद सोडायचे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हे शाळेत शिकलेलं फॅरडेचं तत्त्व. फक्त इथे वीज तारेत नाही, कवटीखालच्या चेतापेशींत निर्माण होते आणि त्यांच्या संदेशांची लय बिघडते.

मग त्या माणसांना प्रश्न: विष समजून एखादीने मैत्रिणीच्या कॉफीत पूड घातली, ती निघाली साखर. मैत्रीण ठणठणीत. हे कृत्य कितपत चालण्याजोगं? एरवी आपण तिला साफ दोषी धरू. स्पंद दिल्यावर लोक तिच्याशी जरा मवाळ झाले. पियाजेंच्या लहान मुलांसारखं, घडलेल्या परिणामाचं पारडं जड झालं! वेटोळं थोडं बाजूला सरकवलं तर हा फरक दिसला नाही.

तरीही हे काही 'पापपुण्याचं केंद्र' नव्हे. प्रयोगात माणसं मोजकीच होती, मतं थोडी सरकली, उलटली नाहीत. आपल्या कायद्यातही खून आणि सदोष मनुष्यवध वेगळे आहेत, मृत्यू दोन्हीकडे झालेला असूनही. तो फरक करताना न्यायाधीशाला आरोपीच्या मनात शिरावं लागतं, आणि त्यासाठी कानामागचा हाच भाग राबत असतो.