जग्वारसाठी ॲमेझॉन? एक खुलासा

‘ब्राझीलमध्ये प्राणी पाहायचे तर ॲमेझॉनच’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामुळे रिओ, साओ पावलो उरकून लोक थेट ॲमेझॉनमधल्या मानौस शहराचं विमान धरतात. ॲमेझॉनमध्ये जग्वार, म्हणजे बिबट्यासारखा दिसणारा ठिपकेदार शिकारी प्राणी, आहे, पण दिसणं फार कठीण. जंगल दाट आणि बरेचसे प्राणी उंच शेंड्यांवर. तिथे जावं ते त्या नदीसाठी, त्या अरण्यासाठी.

जग्वारसाठी पांतानाल गाठा. दीड लाख चौरस किलोमीटरहून मोठा हा पाणथळ प्रदेश बहुतांश ब्राझीलमध्येच आहे. साओ पावलोहून विमानाने कुयाबा शहर, तिथून पोकोने गाव आणि पुढे पोर्तो जोफ्रेपर्यंत ट्रान्सपांतानेरा हा सुमारे १४५ किलोमीटरचा कच्चा रस्ता. वाटेत पुलांमागून पूल. पावसाळ्यात इथली कुरणं पाण्याखाली जातात. मग पाणी ओसरतं, डबकी उरतात आणि केमन (मगरीसारखे प्राणी), कॅपिबारा (मोठे कृंतक), जाबिरू करकोचे त्यांभोवती जमतात. जुलै ते ऑक्टोबरदरम्यान पोर्तो जोफ्रेजवळ होडीतून, भर दिवसा, काठावर केमनची शिकार करणारा जग्वार दिसू शकतो!

इथली बहुतेक जमीन गुरांच्या खासगी कुरणांची आहे. वासरं मारतो म्हणून जग्वारला गोळ्या घातल्या जात. पर्यटनामुळे तो जिवंत ठेवण्यात काही मालकांना फायदा दिसू लागला. २०२०च्या वणव्यांत पांतानालचा जवळपास चौथा हिस्सा जळाला, म्हणून पर्यटनाचा हा आधार मला फार मोलाचा वाटतो.

आणि हो, पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. ब्राझीलहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं.