गर्भनिरोधनाच्या पद्धती

गर्भनिरोधन म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून वापरायचे उपाय, बोलीभाषेत पाळणा लांबवणं किंवा थांबवणं. लांबवणं आणि थांबवणं यात फरक आहे. निरोध (कंडोम), गोळ्या, इंजेक्शन, तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर टी) हे सगळं लांबवण्यासाठी, बंद केलं की पुन्हा मूल होऊ शकतं, आणि ऑपरेशन हे थांबवण्यासाठी. महाराष्ट्रात या विषयावर उघड बोलायला सुरुवात केली ती र. धों. कर्व्यांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढून, आणि त्यापायी शिव्याही भरपूर खाल्ल्या. सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम १९५२ चा, म्हणजे तीस वर्षांनंतरचा.

कुठली पद्धत चांगली हे ठरवताना लोक "किती टक्के खात्री" एवढंच विचारतात, पण त्या खात्रीचे दोन आकडे असतात, एक अगदी नियमाप्रमाणे वापरलं तर आणि दुसरा माणसं खरोखर जसं वापरतात तसा. काहीच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांत वर्षभरात साधारण ८५ बायकांना दिवस जातात. रोजची गोळी एकही न चुकवता घेतली तर हाच आकडा १ च्याही खाली येतो, पण प्रत्यक्षात तो ७ च्या आसपास असतो, कारण गोळी विसरते, लग्नाला गावी गेल्यावर पाकीट घरी राहतं. निरोधचं तसंच, नीट वापरला तर २, एरवी १३. तांबीत मात्र दोन्ही आकडे १ च्या खालीच, कारण एकदा बसवली की तुम्हाला लक्षात ठेवायचं काही उरतच नाही. माझ्या मते सगळी तुलना इथेच आहे, जी पद्धत तुमच्या आठवणीवर कमी अवलंबून ती कमी दगा देते.

रोजची गोळी म्हणजे माला डी किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला एन, पाकिटात २८ गोळ्या, त्यातल्या २१ हार्मोनच्या आणि शेवटच्या ७ वेगळ्या रंगाच्या, त्या फक्त लोहाच्या. बऱ्याच जणी त्या ७ "कशाला घ्यायच्या" म्हणून फेकून देतात आणि मग पुढचं पाकीट वेळेवर सुरू करायचं राहून जातं. त्या असतातच मुळी सवय मोडू नये म्हणून. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, दोन किंवा जास्त चुकल्या तर पुढचे ७ दिवस निरोध पण वापरायचा. बीपी असेल, पस्तिशीनंतर सिगारेट किंवा बिडी ओढत असाल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल तर ही गोळी नको.

छाया ही गोळी वेगळी, तिच्यात हार्मोन नाही, लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेत शोधलेली आणि आधी सहेली नावाने आलेली. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, समजा तो रविवार, तर पहिले तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी, नंतर फक्त रविवारी. पाळी लांबू शकते, मग घरात धावपळ होते की दिवस गेले की काय. अंतरा हे इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि बायका घाबरतात की "रक्त आत साठतंय", तसं काही साठत नाही. पण सोडल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात हे आधीच माहीत असलेलं बरं.

तांबी म्हणजे कॉपर टी, ३८० ए प्रकारची १० वर्षं चालते, काढली की लगेच मूल होऊ शकतं. पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं आणि पोट दुखतं हे खरं. ती छातीपर्यंत चढते हे मात्र खोटं.

निरोध स्वस्त, आणि गुप्तरोग व एचआयव्हीपासून वाचवणारा यादीतला हाच एक. फक्त त्याला खोबरेल तेल लावू नका, तेलाने रबर कमजोर होऊन फाटतो.

संबंधानंतर बहात्तर तासांत घ्यायची गोळी आणीबाणीसाठी आहे, जितकी लवकर तितकी बरी, दर महिन्याला खायची नाही, आणि ती गर्भपाताची गोळी नव्हे. मेडिकलमध्ये या दोन्हींत लोक सर्रास गोंधळ घालतात.

राहिलं ऑपरेशन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पुरुष नसबंदी होती ०.३ टक्के. खरं तर बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो, पण आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या आणि कित्येक जबरदस्तीच्या, ती धास्ती अजून गेलेली नाही. वर "अशक्तपणा येतो, मर्दपणा जातो" हे आहेच. दोन्ही खोटं, फक्त बीज येण्याची नळी बंद होते, बाकी सगळं तसंच राहतं. एक गोष्ट मात्र नक्की पाळायची, नळीत आधीचं बीज उरलेलं असतं म्हणून ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून रिपोर्ट कोरा आल्यावरच तो सोडायचा.