डॅशमधील ऑनलाइन निकाल बंद करणे

उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या युनिटी डेस्कटॉपमधील गोपनीयतेची एक सोय. डॅश हा युनिटीचा शोधफलक. सुपर कळ (कीबोर्डवरची विंडोज चिन्हाची कळ) दाबली की तो उघडे आणि दोन-चार अक्षरे टाइप करताच संगणकातले प्रोग्रॅम व फाइली समोर येत. १८ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या उबुंटू १२.१० मध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने त्याला 'शॉपिंग लेन्स' (खरेदीच्या वस्तू शोधणारा भाग) जोडली, तीही आधीपासून चालू ठेवून. आपलीच फाइल शोधणाऱ्याला तिच्या खाली अ‍ॅमेझॉनवरच्या विक्रीच्या वस्तू दिसू लागल्या. तिथून खरेदी झाली की कॅनॉनिकलला दलाली मिळे.

जाहिराती डोळ्यांत खुपल्या, पण खरे दुखणे वेगळेच होते. डॅशच्या मुख्य पडद्यावर टाइप केलेली अक्षरे कॅनॉनिकलच्या सर्व्हरकडे जात. शोधणारा 'घटस्फोट अर्ज' नावाची फाइल हुडकत असला, तरी ते शब्द घराबाहेर पडणारच. कोण शोधतो आहे हे आपण अ‍ॅमेझॉनला कळवत नाही, असा कंपनीचा दावा होता. मात्र वस्तूंची चित्रे थेट अ‍ॅमेझॉनकडून उतरवली जात असल्याने वापरणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) तिकडे पोचतच होता. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०१२ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. डिसेंबरात मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी याला सरळ हेरगिरी म्हटले. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांचा बचाव असा की, तुमच्या यंत्राचे रूट (म्हणजे सर्वोच्च) अधिकार आमच्याकडे आहेतच, म्हणजे विश्वास तुम्ही आधीच टाकला आहे. हे तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हते, पण राग शमवणारेही नव्हते.

बंद करण्याचे दोन मार्ग होते. 'सिस्टम सेटिंग्ज'मधल्या गोपनीयतेच्या पानावर ऑनलाइन निकालांचे बटण होते. ते बंद केले की खरेदीच नव्हे, तर इतर ऑनलाइन निकालही थांबत. दुसरा मार्ग टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून) 'युनिटी-लेन्स-शॉपिंग' हे पॅकेज काढून टाकण्याचा. त्याने फक्त दुकान जाई, बाकीचे ऑनलाइन शोध चालूच राहत. हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नसे. १३.१० मध्ये 'स्मार्ट स्कोप्स' (अनेक ऑनलाइन स्रोतांत एकदम शोधणारी सोय) आले आणि ऑनलाइन स्रोतांची संख्या आणखी वाढली. एप्रिल २०१६ च्या १६.०४ आवृत्तीत मात्र ऑनलाइन शोध मुळातच बंद ठेवण्यात आला. हवा असेल त्याने चालू करावा. पुढे १७.१० मध्ये युनिटीची जागा ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने घेतली.

विंडोजमध्ये हाच प्रश्न बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राच्या निकालांपायी उभा राहिला. विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत ते बंद करायला रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) हात घालावा लागे. 'ग्रुप पॉलिसी' हे सेटिंग्ज ठरवण्याचे साधन फक्त 'प्रो' व त्यावरच्या आवृत्त्यांत असे. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील वापरकर्त्यांना २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे बिंगचे निकाल बंद करण्याची मुभा मिळाली. ५ फेब्रुवारी २०२० रोजी सर्व्हरकडच्या बिघाडामुळे विंडोज १० चा शोधफलक अनेकांकडे कोराच उघडू लागला, तेव्हा रजिस्ट्रीतून बिंगची जोडणी तोडणाऱ्यांना आपल्याच डिस्कवरच्या फाइली पुन्हा सापडू लागल्या.