रणांगणावर विषारी वायू का टाळला गेला? : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातला बेल्जियममधल्या ईप्रचा वायुहल्ला बहुतेकांना ठाऊक आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे टाबून हा मज्जासंस्थेवर घाव घालणारा वायू हजारो टन साठून होता, ब्रिटन-अमेरिकेकडे त्वचा-फुप्फुसं भाजणारा मस्टर्ड वायू तयार होता, तरी युरोपातल्या लढायांत दोन्ही बाजूंनी हात आवरला.

१९२५च्या जिनिव्हा करारामुळे, असं सरसकट सांगितलं जातं. ते अपुरं आहे. करारात वापरावर बंदी होती, बनवण्या-साठवण्यावर नव्हती. आणि 'समोरच्याने वापरला तर आम्हालाही मोकळीक' ही अट अनेक देशांनी आधीच घालून ठेवली होती. खरी अडचण लढण्याचीच होती. वायू वाऱ्याच्या मर्जीवर चालतो. सप्टेंबर १९१५मध्ये फ्रान्समधल्या लूसला ब्रिटिशांचा क्लोरीन काही ठिकाणी त्यांच्याच खंदकांत परतला. मस्टर्ड वायू जमिनीला दिवसेंदिवस धरून राहतो, म्हणजे जिंकलेल्या भूमीवर आपलेच पाय भाजतात. मुखवट्याच्या काचांवर वाफ धरते, चार पावलांत धाप लागते, हुकूम ऐकू येत नाही. भराभर मुसंडी मारायची तर हे लोढणंच. त्यात आपल्या शहरांवर उलट हल्ला होण्याची धास्ती.

ही धास्ती नव्हती तिथे वायू बिनदिक्कत वापरला गेला. इटलीने १९३५-३६मध्ये इथिओपियात, जपानने चीनमध्ये. त्यामुळे 'सैन्यांनी संयम पाळला' हे वाक्य मला अर्धवट वाटतं.

सगळ्यात मोठा घोळ एका शब्दाने घातला. जिनिव्हा कराराच्या इंग्रजी प्रतीत गुदमरवणारे, विषारी 'किंवा इतर' वायू असं आहे. फ्रेंच प्रतीत 'किंवा तत्सम'. दोन्ही प्रती अधिकृत. 'इतर' धरलं तर अश्रुधूरही बंदीत येतो, 'तत्सम' धरलं तर तो सुटू शकतो. ब्रिटनने १९३०मध्ये अश्रुधूर बंदीत धरला आणि १९७०मध्ये त्यातला सीएस हा प्रकार बाहेर काढला. दरम्यान व्हिएतनाममध्ये अमेरिकेने सीएस भुयारांत सोडून आतल्यांना उघड्यावर, तोफा-बंदुकांच्या टप्प्यात आणलं होतं. हा गर्दी पांगवण्याचा प्रकार नव्हे. इथे अश्रुधूर मारण्याच्या कामातलाच एक भाग होता. १९६९च्या संयुक्त राष्ट्र आमसभेत सर्व रासायनिक पदार्थ बंदीत येतात असा ठराव झाला, त्याविरुद्ध फक्त ३ मतं पडली. त्यांत अमेरिकेचं एक. १९९३च्या रासायनिक शस्त्रास्त्रबंदी करारात अखेर निकाल लागला: युद्धतंत्र म्हणून अश्रुधूर निषिद्ध, देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी चालेल. म्हणून आपल्याकडे मोर्चावर फुटणारी नळकांडी सीमेवर शत्रूविरुद्ध वापरता येत नाहीत.

याच कराराने साठ्यांवरही बंदी आणली. भारताने १९९७मध्ये आपला मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि २००९पर्यंत तो नष्ट केला.

इराणसाठी हे सगळं उशिरा आलं. १९८०च्या दशकात इराकने त्याच्यावर वर्षानुवर्षं मस्टर्ड आणि मज्जासंस्थेवर घाव घालणारे वायू सोडले. इराणला तोडीस तोड उत्तर देता येत नव्हतं आणि जगाचा निषेध कागदावर राहिला. मस्टर्डने फुप्फुसं जळालेले तिथले सैनिक युद्ध संपल्यावरही दशकानुदशकं उपचार घेत राहिले.