तीन मॉनिटरसाठी दोन ग्राफिक्स कार्डे लागत नाहीत

तीन मॉनिटरवर एकच गेम पसरवून खेळायचा असेल तर संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे बसवावीच लागतात, हा समज अजूनही टिकून आहे आणि त्यापायी बेताचे बजेट असलेल्यांचे पैसे वाया जातात, याचे मनापासून वाईट वाटते. या समजाला मूळ आहे: ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2010 मध्ये आणलेल्या सराउंड या, एकच गेम तीन मॉनिटरवर पसरवण्याच्या सुविधेसाठी तेव्हा सर्वसाधारणपणे दोन कार्डे जोडावी लागत. मात्र प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीचे रेडिऑन एचडी 5870 हे कार्ड 2009 मध्येच एकट्याने तीन मॉनिटर चालवत होते, आणि 2012 च्या जीटीएक्स 680 पासून एनव्हिडियाचीही ती अट उरली नाही.

खरा प्रश्न पिक्सेलचा, म्हणजे कार्डाला पडद्यावर किती ठिपके रंगवावे लागतात याचा आहे. 1920 × 1080 च्या एका पडद्यावर सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात, तिन्हींवर मिळून 62.2 लाख, म्हणजे 4के पडद्याच्या पाऊणपट. गेम एकाच पडद्यावर खेळून बाजूच्या मॉनिटरवर नुसता ब्राउझर उघडा ठेवायचा असेल, तर आहे ते कार्ड बहुधा पुरते.

खरेदीपूर्वी कार्डाच्या मागच्या पट्टीवर तिन्ही मॉनिटरसाठी पोर्ट आहेत का ते अवश्य पाहावे, कारण मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टला जोडलेला मॉनिटर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो आणि ते नसलेल्या रायझन 5 5600 सारख्या प्रोसेसरवर तो पडदा काळाच राहतो.