शिडाची होडी आणि वीज: वाट आधीच करून ठेवायला हवी

ऑक्टोबर १७७०. कॅप्टन जेम्स कुकचं ‘एन्डेव्हर’ जहाज बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, बंदरात नांगर टाकून उभं होतं. रात्री वादळ झालं आणि शेजारच्या डच जहाजावर वीज कोसळून त्याची मुख्य डोलकाठी मोडली. ‘एन्डेव्हर’ला नुसता हादरा बसला. कुकच्या खलाशांनी जेमतेम थोड्या वेळापूर्वी डोलकाठीवरून पाण्यापर्यंत धातूची साखळी सोडली होती. कडकडाटाच्या क्षणी ती आगीच्या धारेसारखी दिसली. आपण वाचलो ते बहुधा तिच्यामुळेच, अशी नोंद कुकनं केली आहे.

खरी अडचण इथेच होती. ही साखळी ऐन वेळी चढवायची असे, आणि पुष्कळ जहाजांवर ती पेटीतच पडून राही. विल्यम स्नो हॅरिस या इंग्रज संशोधकानं त्यावर पक्का उपाय काढला. डोलकाठीतच तांब्याच्या पट्ट्या कायमच्या बसवायच्या आणि त्या थेट जहाजाच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला जोडायच्या. डार्विन ज्या ‘बीगल’वरून जगप्रवासाला गेला, तिच्यावर ही योजना होती. वीज पडली तेव्हा डोलकाठीतून सूं असा आवाज आला आणि जहाज किंचित थरथरलं, असं तिचा कप्तान फिट्झरॉय सांगतो. नुकसान काहीच नाही!

सपाट पाण्यावर डोलकाठीइतकं उंच दुसरं काही नसतं, म्हणून वीज तिलाच गाठते. सुमारे ३०,००० अँपिअरचा तो प्रवाह पाण्यापर्यंत जाणारच. प्रश्न एवढाच, की कुठून? आजच्या होड्यांत डोलकाठी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे उत्तम वाहक; पण होडीचं अंग फायबरग्लासचं, ते वीज वाहू देत नाही. वाट तुंबली की वीज बाजूला उडी मारते: ताणाच्या तारांवर, इंजिनावर, कधी माणसावर. म्हणून डोलकाठीच्या बुडापासून जाड तांब्याची तार, शक्यतो काटकोनी वळण न देता, पाण्याखाली किमान एक चौरस फुटाच्या धातूच्या पट्टीपर्यंत न्यावी. हे माप खाऱ्या पाण्याचं. गोडं पाणी फार कमी वीज वाहून नेतं, त्यामुळे तलावात अशा बाजूच्या उड्यांचा धोका उलट वाढतो.

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप निघण्याआधी जरूर पाहावं. वादळानं गाठलंच, तर सगळ्यांनी केबिनमध्ये बसावं. डोलकाठी, तारा, धातूचे कठडे यांना हात लावू नये, आणि दोन धातूच्या वस्तू एकाच वेळी तर मुळीच धरू नयेत. पाण्यात पोहणारा असेल तर त्याला ताबडतोब वर घ्या. हातातला वायरलेस आणि जीपीएस धातूच्या ओव्हनमध्ये बंद करून ठेवले तर ते वाचण्याची शक्यता बरीच वाढते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर येऊ नये.

वीज पडलीच, तर आधी माणसं पाहा. विजेचा धक्का बसलेल्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला बेधडक हात लावा, श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करा. लगोलग दुसऱ्या कुणीतरी फळ्या उचलून तळ तपासावा. बाहेर पडताना वीज होडीच्या अंगाला बारीक भोकं पाडून जाते, आणि पाणी तिथूनच आत येतं. होकायंत्रही बिघडलेलं असू शकतं. त्याच्या भरवशावर किनाऱ्याकडे निघण्याआधी दिशा दुसऱ्या खुणेवरून ताडून घ्या.